शेंड्यावरचा राखणदार

मुलांनो, मातकट रंगाचे, पाचोळा उकरत सतत कलकलाट करणारे सातभाई पक्षी तुम्ही पाहिलेच असतील. माळाच्या कडेला बाभळीच्या बनात त्यांचा एक थवा नांदत होता. थवा खाली किडे टिपू लागला की एकाने शेंड्यावर बसून राखण करायची, अशी त्यांची रीत. हा मान एका म्हाताऱ्या सातभाईचा होता. पाखरांची शिकार करणारा शिक्रा दिसला की तो हाक द्यायचा आणि सगळे झटकन बोरीच्या काटेरी जाळीत शिरायचे.

पण म्हाताऱ्याची नजर आता अधू झाली होती. हे कळले तर राखण जाईल, आणि राखण गेली की थव्यात आपले काय काम, या लाजेने त्याने ते लपवले. आकाशात काहीही हलले की तो ओरडे, "शिक्रा!" साधा पारव्यासारखा होला उडत गेला तरी शिक्रा, वाऱ्यावर पिशवी उडाली तरी शिक्रा. थव्याला धड खायलाही मिळेना.

"आजोबांच्या राज्यात शिक्रे फार वाढलेत," जाळीत बसल्या बसल्या एक तरुण सातभाई म्हणाला.

"हळू बोल, त्यांना ऐकू जाईल," थव्याच्या म्होरकीने त्याला दटावले. खरे तर तिलाही सगळे कळत होते. पण आपल्याला उडायला शिकवणाऱ्याला 'तुम्हाला दिसत नाही' असे कसे म्हणायचे, म्हणून ती गप्प राहिली.

एके सकाळी म्होरकी अंड्यांवरून उठून चरायला उतरली होती. तेवढ्यात घरट्याजवळ काहीतरी राखाडी येऊन बसले. म्हाताऱ्याने हाक दिली आणि सगळे जाळीत दडले. पण तो शिक्रा नव्हता. ती पावशाची मादी होती. पावशा दिसतो थेट शिक्र्यासारखा, फक्त त्याची चोच बाकदार नसते; नजर धड असती तर म्हाताऱ्याने ते ओळखले असते आणि थव्याने तिला हुसकावून लावले असते. त्याची मादी घरटे बांधत नाही. दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालून निघून जाते. तिने तेच केले. म्होरकी परतली तेव्हा घरट्यात एक अंडे जास्त होते, आणि सगळीच सारखी निळी. परके कोणते, ते कुणालाच सांगता येईना.

"आजोबा, दिसत नव्हतं तर सांगायचं होतं," म्होरकी हळू आवाजात म्हणाली.

म्हाताऱ्याला मान वर करवेना. तो बनाबाहेरच्या कुंपणावर एकटा जाऊन बसला. यथावकाश पिल्ले निघाली. पावशाचे पिल्लू इतके हावरट, की बाकीची उपाशी राहून मेली. त्याला भरवायला जाणारा थवा कुंपणावरून दिसत नसला, तरी त्याचे ओरडणे म्हाताऱ्याला ऐकू येई. तेवढ्यानेच तो अंग चोरून घेई.

पुन्हा अंडी घालायचे दिवस आले तशी म्होरकी कुंपणावर आली.

"चला आजोबा, काम आहे."

"आंधळ्याला कसलं काम देतेस?"

"आम्ही चरायला गेलो की अंड्यांवर बसायचं. घरट्यात कुणी बसलेलं दिसलं की पावशा फिरकत नाही. पोटाखालची अंडी सांभाळायला लांबचं दिसावं लागत नाही."

"माझ्यामुळे तुझी पिल्लं गेली, आणि तू मलाच..."

"तुमच्यामुळे तशी माझ्यामुळेही. मला माहीत होतं, तरी मी विचारलं नाही. त्याची लाज मलाही वाटते."

म्हातारा घरट्यात जाऊन बसला. पहिल्या संध्याकाळी म्होरकीने विचारले, "झेपतंय ना?"

'हो' हा शब्द त्याच्या अगदी चोचीवर आला होता. तो त्याने गिळला.

"पाय आखडतात गं," तो म्हणाला. "उद्यापासून दुपारपर्यंतच बसेन. पुढं कुणाला तरी पाठव."

"बरं," म्होरकी म्हणाली, आणि त्याच्या शेजारी टेकली.

तात्पर्य एवढेच : उतारवयात काय झेपत नाही हे सांगायला लाजू नये, आणि काय झेपेल हे विचारायला इतरांनी संकोचू नये; दोघेही गप्प राहिले की नुकसान सगळ्यांचे होते.