समुद्र कोरलेली परात

फार पूर्वी घाटमाथ्यावरच्या एका गावात एक तांबट होता. पंचक्रोशीत भांड्यांवर नावं घालावीत ती त्यानेच. अक्षर असं, की पाहुणे पाणी प्यायचं सोडून तांब्यावरचं नाव वाचत बसत.

एकदा त्याच्या मनात आलं, सगळा जन्म ठोकाठोकीतच चालला, काहीतरी नवं करून बघायला हवं. त्याने एक मोठी परात घेतली आणि मरायच्या आत करायच्या गोष्टी तिच्यावर कोरल्या. नदीत पोहायला शिकणे. संबळ वाजवणे. डोंगरापलीकडचं गाव बघणे.

"अगं, तुझं काय घालू?" त्याने बायकोला विचारलं.

"मला समुद्र बघायचाय," ती म्हणाली. "एवढंच."

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोकणातून मिठाचे बैल गावात येत आणि रिकामे परत जात. त्यांच्याबरोबर निघालं, की आठ दिवसांत समुद्र! पण तांबट म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ. आधी काठावर वेल काढतो."

पुढच्या वर्षी वेलीवर मोर आले. त्याच्या पुढच्या वर्षी मोरांना पिसारे. लोक लांबून परात बघायला येत, वाहवा करत, आणि हा शहाणा फुलून जाई. नदी घरामागूनच वाहत होती. तिच्यात घोटाभरही तो कधी उतरला नाही. सांगतानासुद्धा माझं डोकं तापतं.

दर दिवाळीला बायको परात चिंचेने घासून लख्ख करी. अशा बारा दिवाळ्या गेल्या. अक्षरं झिजत गेली आणि तिची नजरही. तेराव्या दिवाळीला तिने परातीवरून बोट फिरवलं, तर समुद्राच्या जागी बोटाला काहीच लागेना.

"अहो, माझा समुद्र पुसला गेला."

"हात्तिच्या! आण इकडे. या वेळी चांगला खोल कोरतो. शंभर वर्षं जायचा नाही."

तिने परात अंगणात भिरकावली. शेजारीपाजारी धावत बाहेर आले.

"अजून कोरताय?" ती ओरडली. "बारा वर्षं मी तुमची नक्षी घासली! माझे डोळे चाललेत, कळतंय का तुम्हाला? बसा तुम्ही मोर काढत!"

मिठाचे बैल निघतच होते. ती अंगावरच्या लुगड्यानिशी त्यांच्याबरोबर चालू लागली. वेशीवरून परत येईल, असं तांबटाला वाटलं. ती आली नाही.

महिन्याभराने ती परतली. पाय फुटले होते.

"कसा होता गं?" त्याने हळूच विचारलं.

"दिसला नाही नीट. सगळं पांढरं पांढरं. पायांना लागला, आवाज ऐकला, चव घेऊन बघितली." तिने चूल पेटवायला घेतली. "पहिल्या वर्षी नेलं असतंत, तर दिसला असता."

या वेळी ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्याने छिन्नी खाली ठेवली, मागच्या दाराने तो बाहेर पडला आणि धोतर खोचून नदीत उतरला. काठावरची माणसं हसली. बायको दारात येऊन उभी राहिली. तिला तो दिसला नाही, फक्त पाण्याचा आवाज आला.

तात्पर्य: आयुष्यात करायच्या गोष्टींची यादी सजवत बसू नका, उठा आणि निघा; आणि त्या यादीत दुसऱ्या कुणाची इच्छा असेल, तर उशीर करण्याचा तुम्हाला काडीचाही हक्क नाही.