रंगोबा कासाराने भरलेला चुडा

सहजनाथ महाराजांनी त्या वर्षीचा चातुर्मास जांभूळसरला केला. गावाबाहेरच्या दत्ताच्या देवळात ते उतरले होते. भक्तहो, त्याच गावात रंगोबा कासार राहत असे. बायको सगुणा आणि तीन मुली, असा त्याचा संसार. दिवस उगवला की बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून तो वाड्यावस्त्या पालथ्या घाली. सांजेला परतताना घरी जाण्याआधी देवळाचा ओटा झाडी. बांगडी भरताना दर बांगडीला तो हळूच 'नारायण' म्हणे. एखादी पिचली तरी 'फुटली' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. "वाढली हो ताई," म्हणे आणि दुसरी भरून देई. लहान पोरी हात पुढे करून डोळे घट्ट मिटून घेत, आणि "झालं?" असे विचारीपर्यंत मनगट भरलेले असे. इतका हलका त्याचा हात!

गावचे त्र्यंबकराव देशमुख मोठे तालेवार. त्यांची लेक उमा पहिलटकरीण. सातव्या महिन्यात माहेरी आली होती.

एका संध्याकाळी रंगोबा महाराजांच्या पाया पडायला वाकला, तोच देशमुख सगळ्यांदेखत म्हणाले, "महाराज, जरा जपून! हा दिवसभर लोकांच्या बायकांचे हात धरून बसतो आणि संध्याकाळी त्याच हातांनी तुमचे पाय धरतो."

मंडळी हसली. रंगोबाही ओशाळून हसला. "सरकार, हात हातात घेतल्याबिगर माप कसं कळायचं?"

"ऐका! माप घेतो म्हणे!" पुन्हा हशा.

महाराज हसले नाहीत. त्यांनी विचारले, "रंगोबा, हात धरतोस तेव्हा मनात काय असतं रे?"

"लेक असते, महाराज. तिला काच लागू नये, एवढंच."

"माझ्या लेकीला तू नकोस," देशमुख म्हणाले. "परवा तिचं ओटीभरण आहे. तालुक्याहून दुसरा कासार बोलावलाय. तू माझा उंबरा ओलांडायचा नाही."

महाराजांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "रंगोबा, उमाचा चुडा तूच भरायचास. काहीही होवो, चुकायचं नाही."

"आज्ञा, महाराज."

देशमुख तणतणत निघून गेले.

ओटीभरणाच्या दिवशी ऊन चढले तरी तालुक्याचा कासार पोचला नव्हता. उमा हिरवे लुगडे नेसून पाटावर बसली होती. बायकांची थट्टामस्करी चालली होती. "उमे, चेहरा का गं असा उतरलाय?" एकीने विचारले. उत्तर यायच्या आधीच उमाचे डोळे फिरले. आकडी! दातखीळ बसली, अंग ताठले आणि मग एकदम सैल पडले. वैद्यबुवा धावत आले. बराच वेळ नाडी धरून बसले. नाकापुढे सूत धरून पाहिले, ते हलले नाही. त्यांनी उमाचा हात हळूच खाली ठेवला आणि मान फिरवली.

देशमुखांच्या घरात एकच आकांत उसळला. एका पाटावर दोन जीव गेले होते.

इतक्यात दारात रंगोबा उभा राहिला. खांद्यावर माळ, अंगावर रोजचीच बंडी.

"याला कुणी बोलावलं?" देशमुख ओरडले. "चालता हो!"

रंगोबा सरळ उमापाशी आला. देशमुख पुढे धावले, तेव्हा उमाची आई मध्ये पडली. "अहो, भरू द्या त्याला! माझी लेक सवाष्ण आहे. मोकळ्या हातांनी का पाठवायची तिला?"

देशमुख बाजूला झाले.

रंगोबाने तो गार पडलेला हात हातात घेतला. "नारायण." एक बांगडी चढली. "नारायण." दुसरी. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. पाचवी बांगडी मनगटाशी अडली आणि कट्कन पिचली. काच रंगोबाच्या तळव्यात शिरली, रक्त आले. तो तळवा त्याने तसाच उमाच्या मनगटावर दाबून धरला.

उमाने श्वास घेतला!

"आई... पाणी," ती म्हणाली. आईने तिच्या पोटावर हात ठेवला. आत बाळाने लाथ मारली. वैद्यबुवांनी पुन्हा नाडी धरली. पाणी आण, वारा घाल, अशी नुसती धांदल उडाली. त्या धांदलीत रंगोबा कधी निघून गेला, कुणालाच कळले नाही.

देशमुखांनी शेला आणि नारळ घेतला आणि अनवाणीच कासारआळी गाठली. रंगोबाच्या दारात ही गर्दी! गर्दी सारून ते पुढे झाले आणि जागीच गोठले. अंगणात तिरडी बांधून तयार होती. तिच्यावर रंगोबा निजला होता. उशाशी महाराज बसले होते.

"हे... हे कधी?" देशमुखांनी विचारले.

"पहाटेच, सरकार," शेजारी म्हणाला. "माळ खांद्याला लावली अन् उंबऱ्यातच बसला, तो उठलाच नाही. थोरल्या लेकीची वाट बघत थांबलोय."

"खोटं! आत्ता माझ्या घरी होता तो! माझी लेक उठवली त्यानं!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तिकडे भिंतीशी एका म्हातारीने रिवाजाप्रमाणे सगुणेच्या बांगड्या फोडायला दगड उचलला होता. तिचा हात वरच राहिला.

महाराजांनी रंगोबाची मिटलेली मूठ सोडवली. तळव्यात हिरव्या काचेचा तुकडा रुतला होता आणि भोवतीचे रक्त अजून ओले होते! बघणाऱ्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

महाराज म्हणाले, "मरणाच्या पलीकडून येऊन ज्यानं परक्या लेकीचा चुडा राखला, त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायचं धाडस कुणाला आहे? त्यानं पुढे यावं."

म्हातारीने दगड टाकून दिला.

देशमुख महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी चांडाळ! कुणाला काय बोललो मी!"

"माझ्या नको," महाराज हळू आवाजात म्हणाले. "तिच्या पाया पड."

आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणापुढे मान लववली नव्हती, त्या त्र्यंबकरावांनी सगळ्या गावादेखत सगुणेच्या पायांवर डोके ठेवले.

तिने पाय मागे घेतले नाहीत. डोळे पुसले आणि विचारले, "सरकार, उमाताईंपाशी आत्ता कोण आहे? त्यांना एकटं ठेवू नका. जा तुम्ही."