भरतीला न गेलेली होडी

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात शिमगा आला, की किनारा ढोलांनी दुमदुमायचा. त्या वर्षी धर्मा तांडेलनं आपली म्हातारी होडी होळीला द्यायचं ठरवलं. रात्री पुनवेची भरती होडीपाशी आली आणि म्हणाली, “चल माझ्याबरोबर, नाहीतर हे तुला जाळतील.”

होडीला जावंसं वाटलं. पण शिमग्याची पालखी बघायला गावची पोरं तिच्यात चढून बसली होती.

“ह्यांच्या आज्यांना नवरी म्हणून मीच खाडीपलीकडून आणलं,” ती म्हणाली. “आता ह्यांना घेऊन कुठं जाऊ?” आणि तिनं वाळूत अंग घट्ट रोवलं.

पोरं होडीत आणि भरतीनं तिचा दोर सुटलेला पाहून धर्मा घाबरून धावत आला. एवढ्या भरतीतही होडी जागची हलली नव्हती. तिच्यावर हात ठेवून तो ओरडला, “हिला कुणी हात लावायचा नाही!”

त्या वर्षी होळी बुटकीच पेटली, आणि ओहोटी लागली तरी पोरं होडीतून उतरली नाहीत.