सातवी कोनशिला

"माझ्या कारकिर्दीवर शेरडं बसतात!" आमदार हंबीरराव खडतरे गाडीतून उतरताच कडाडले.

खोटं नव्हतं. घोडेपाणीच्या ओढ्यावर पूल व्हावा म्हणून साहेबांनी दर निवडणुकीआधी एक भूमिपूजन केलं होतं. निवडणुका सहा, कोनशिला सहा, पूल शून्य. सहाही दगड काठावरच्या गवतात आडवे झाले होते आणि त्यांवर शेरडं ऐसपैस रवंथ करत होती. आता साहेब सातव्यांदा उभे राहणार होते, आणि सातवा दगड गाडीत होता.

"हे दगड कुणी घडवले?"

"माझ्या बानं. आता टाकी-हातोडा माझ्याकडं हाय," पाथरवटाची लेक हौसा पुढं आली.

"मग ऐक. आठ दिवसांत हे सहा दगड असे लाव, की गावातला प्रत्येक माणूस रोज त्यांच्यापुढं मान खाली घालील. तो तात्या बिडकरसुद्धा!"

लोकांना हसू आवरेना. तात्या म्हणजे साहेबांचे जुने विरोधक. साहेब दिसले की ते आभाळाकडं बघत चालायचे.

"आन् जमलं तर?"

"मागशील ते."

"न्हाई जमलं तर?"

"पूल शेजारच्या गावाला."

हौसाला ही पैज हरून चालणार नव्हतं. ओढा भरला की तिची पोरगी चार महिने शाळेला मुकायची.

आठव्या दिवशी साहेब आले. काठावर एकही दगड नव्हता! सगळे ओढ्यात होते, ढांगेढांगेवर, पाण्याच्या जरा वर. पलीकडून तात्या येत होते. धोतर खोचलेलं, मान खाली, नजर दगडावर. पाऊल चुकलं की आंघोळच. दगडांच्या कडेला साहेबांचं नाव होतं, त्यामुळं पाय कुठं ठेवावा हे बघता बघता माणूस ते वाचूनच काढायचा.

"शुभहस्ते... हंबीरराव... खडतरे," पुटपुटत तात्या काठाला लागले.

साहेब असे हरखले की स्वतःच दगडांवर निघाले. सहाव्यावर पोचले आणि थबकले. पुढं दोन ढांगांचं पाणी होतं. गावकरी तिथं सरळ पाण्यात उतरत, पण साहेबांची पांढरी विजार कडक इस्त्रीची होती. मागं फिरावं, तर पाचही दगडांवर कार्यकर्ते चढून ओरडत होते, "साहेब, आगे बढो!"

"हौसा, पुढचा दगड कुठाय?"

"तुमच्या गाडीत हाय की, साहेब. आणून टाकू? पर मग आठव्या निवडणुकीला दगड ठेवायला ओढ्यात जागा उरायची न्हाई. त्यापरीस पूलच बांधा."

साहेबांनी पाण्याकडं बघितलं, हौसाकडं बघितलं, आणि असे खदखदून हसले की पायाखालचा दगड डुगडुगला.

"विधानसभेत मी भल्याभल्यांना अडवलं गं, पण मला असं भर ओढ्यात कुणी उभं केलं नव्हतं! कागद आणा!"

स्वीय सहायक बुटांसकट पाण्यात उतरला. त्याच्या पाठीवर कागद ठेवून साहेबांनी तिथल्या तिथं आमदार निधीतून पूल मंजूर करण्याचं पत्र लिहिलं, आणि खाली हसत हसत आणखी एक ओळ घातली: दगडकाम हौसाकडेच द्यावे.