खाली बघणारा वाघ

फार पूर्वी, डोंगरातल्या एका गावात मुखवटे करणारी एक बाई राहत होती. कागद भिजवून कुटायचा, लगदा साच्यावर थापायचा, वाळला की रंगवायचा, हे तिचं काम. ती कुणाची चाकर नव्हती. ज्याला मुखवटा हवा, तो तिच्या दारी येई.

तिच्या वाघाच्या मुखवट्यांचे डोळे मात्र जरा खाली बघत. जत्रेत सोंग नाचवणाऱ्याला पायाखालची जमीन दिसावी म्हणून ती भोकं मुद्दाम खाली पाडी. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. काम चांगलं असलं की लोकांना आपोआप कळतं, असं तिला वाटे. लोकांना काय कळलं, तर हिचे वाघ मरगळलेले दिसतात.

त्याच गावात एक व्यापारी होता. त्याचे मुखवटे चकचकीत, डोळे वटारलेले. त्याने एक भाट पदरी ठेवला होता. तो दिवसभर त्या मुखवट्यांचे गोडवे गात हिंडे. हळूहळू बाईच्या दारी कुणी फिरकेना.

जत्रेआधी देवळाच्या पारावर सगळे मुखवटे मांडले जात. गावचा पाटील त्यातला एक निवडी आणि तो घडवणाऱ्याचेच मुखवटे वर्षभर पंचक्रोशीत नाचत. रीत अशी की कारागिराने मुखवट्यामागे मान खाली घालून बसायचं, अवाक्षर काढायचं नाही. भाटाला ही रीत लागू नव्हती. तो कुठे कारागीर होता?

त्या वर्षी पारावर व्यापारी बाईजवळ येऊन म्हणाला, "यंदाही तुझा वाघ मागे राहिला, तर उद्यापासून माझ्या पडवीत ये. साचा माझा, नाव माझं. तू नुसता रंग दे, तुझं कामच बोलेल. तोंडाने बोलायला माझा माणूस आहे."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाटाचं गाणं संपलं, पाटलाने व्यापाऱ्याच्या वाघाकडे हात नेला, तशी ती उठून उभी राहिली. तिचे पाय लटपटत होते.

"पाटील, मला बोलायचंय."

"खाली बस. कारागिरानं पारावर बोलू नये."

"मग भाटालाही बोलू देऊ नका. तो बोलणार असेल, तर मीपण बोलणार."

ती पुढे म्हणाली, "माझा वाघ खाली बघतो, कारण नाचणाऱ्याला पाय कुठं पडतोय ते दिसायला हवं. गेल्या साली देवळाच्या पायऱ्यांवरून पडून दोघांचे पाय मोडले. त्यांच्या तोंडावर कुणाचे मुखवटे होते, आठवा. पटत नसेल तर आत्ता घालून बघा."

गर्दीतून एक सोंगाड्या लंगडत पुढे आला. गेल्या साली पडलेल्या दोघांपैकी तो एक. त्याने व्यापाऱ्याचा वाघ चढवला आणि दुसऱ्याच पायरीवर चाचपडत भिंत धरली. मग त्याने बाईचा वाघ चढवला. लंगडत का होईना, पण तो सगळ्या पायऱ्या नाचत उतरला.

पाटलाने बाईचा मुखवटा उचलून डोळ्यांना लावला आणि स्वतःच्याच पायांकडे बराच वेळ पाहिलं.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस, बाई?"

"रीत तुमचीच होती, पाटील."

पाटलाने तिचाच वाघ निवडला आणि ती रीत मोडीत काढली. त्या दिवशी बाई लगेच घरी गेली नाही. सोंगाड्याशी बोलली, ढोलवाल्याशी बोलली, सोंगांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याशी बोलली. कुणाला काय अडतं ते विचारलं, आपल्याला काय येतं ते सांगितलं. ढोलवाला दहा गावं फिरणारा. तो तिला सोबत घेऊन गेला आणि ती दहा पारांवर उभी राहून बोलली. दहाव्या पारावर तिचे पाय लटपटले नाहीत.

पुढच्या वर्षी गावच्या पारावर सगळेच कारागीर उभे राहिले आणि आपापल्या कामाबद्दल बोलू लागले. भाटही गात होता म्हणतात, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तात्पर्य: तुमचं कामच बोलेल, असं सांगून जो तुम्हाला गप्प बसवतो, त्याने स्वतःसाठी बोलणारा माणूस ठेवलेला असतो. म्हणून उभे राहा, आपल्या कामाबद्दल आपल्या तोंडाने सांगा आणि चार माणसं जोडा.