तांबी काढायची कशाला?

"काढायची कशाला पण? तुला त्रास काय होतोय, ते सांग ना!"

डॉ. रेवतीने पुन्हा विचारलं. समोर बसलेली वैजयंता पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघून म्हणाली, "त्रास काही न्हाई. पण तांबी काढायचीय."

"पोटात दुखतं?"

"न्हाई."

"अंगावरून जास्त जातं?"

"न्हाई वो."

"बघा, आपा!" रेवती खुशीत वळली.

आपा म्हणजे या आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टर, हमीदाबाई. सबंध पंचक्रोशीतल्या बायकांच्या आपा. रेवती त्यांच्या हाताखाली नुकतीच रुजू झाली होती. पाळणा लांबवायला तिने बसवलेली तांबी म्हणजे तांबीच, जागची हलायची नाही! पोरीचा हात खरंच चांगला होता, आणि ते पोरीला पुरतं ठाऊक होतं.

"मी बसवलेली तांबी आजवर एकीचीही निघाली नाही," ती मान ताठ करून म्हणाली. "आलीच कुणी काढायला, तर समजावून परत पाठवते. हिलाही मागच्या वेळी पाठवलं. सगळं ठीक असताना उगीच कशाला काढायची?"

आपा उठल्या. आतल्या तपासणीच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "रेवती, जरा आत जाऊन बस."

रेवती गेली. आपांनी बाहेरून कडी घातली…

आत पंखा होता, खुर्ची होती, माठात गार पाणी होतं. आपा काहीतरी शिकवणार असतील, असं समजून रेवती थोडा वेळ ऐटीत बसली. मग उठली. मग तिने दार वाजवलं.

"आपा, कडी काढा."

"का गं? उकडतंय?"

"नाही."

"तहान लागलीय? माठ आहे बघ."

"नाही हो! मला बाहेर यायचंय."

"पण त्रास काय होतोय, ते सांग ना."

बाहेर वैजयंता तोंडावर पदर धरून फिसकन हसली. रेवतीचा पारा चढला. काय पोरखेळ लावलाय! मी डॉक्टर आहे की कोण आहे? दारावर धाडकन थाप मारायला तिने हात उचलला…

हात तसाच राहिला.

"आपा," ती हळूच म्हणाली, "त्रास काहीच नाही. कडी काढा."

कडी निघाली.

रेवती कानापर्यंत लाल होऊन बाहेर आली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी ती स्टूल ओढून वैजयंतासमोर बसली.

"काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. चालेल तुम्हाला?"

"ठाऊक हाय मला."

"मग चला आत. दुखलं तर सांगा, मी थांबेन."

तांबी निघाली. वैजयंताने साडी नीट केली, दोघींच्या डोळ्यांत बघून "येते" म्हणाली, आणि झोकात निघून गेली. कारण तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. रेवतीने विचारलं नाही, आणि न विचारल्याचा तिला कोण अभिमान वाटला!

"आपा, मी बसवलेली पहिलीच तांबी निघाली," ती म्हणाली.

आपांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"आता बायका तुझ्याकडे निर्धास्त तांबी बसवायला येतील, बघ."