कोंढेदऱ्याची उन्हातली सभा

बसा सरपंच मंडळी, बसा. उन्हातच बसा, इलाज नाही. पार दुसऱ्या जिल्ह्यातनं अभ्यासदौऱ्याला आलात आणि आल्या आल्या विचारलंत, एवढं चकाचक पंचायतीचं ऑफिस असताना ग्रामसभा ह्या उघड्या दगडी ओट्यावर का भरवता, वर निदान पत्रा तरी का टाकत नाही. पत्र्याला दोनदा मंजुरी आली होती. दोन्ही वेळा गावानं नको म्हणून कळवलं. कोंढेदऱ्याची सभा उन्हात बसते, डोंगरावरचा शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबते आणि तोवर कुणी पाणी पीत नाही. त्या बाटल्या तेवढ्या पिशवीत ठेवा. राग मानू नका.

मी दादू खुडे. पंचायतीचा शिपाई होतो, आता रिटायर. माझा बाप धोंडी, तोही शिपाईच. ही हकिकत त्याच्या वेळची. निम्मी त्यानं सांगितलेली, निम्मी गावानं जोडलेली. कोणती निम्मी कुणाची, ते मला विचारू नका.

समोर डोंगर दिसतोय ना, त्याच्या माथ्यावर धनगरवस्ती. तेव्हा तिथं वीसेक घरं होती. पंचायत एक, मतदारयादी एक, पण पाणी फक्त खाली. वरच्या बायका खाली उतरायच्या, हंडे भरायच्या आणि डोक्यावर घेऊन परत चढायच्या. वस्तीवर हौसाबाई कोळेकर म्हणून एक म्हातारी राहायची. नवरा कधीच गेलेला, ल्योक मेंढरं घेऊन आठ-आठ महिने मुलखात. घरात एक सून, बाणाई, ती पोटुशी. एका सकाळी बाणाईचा पाय घसरला आणि ती हंड्यासकट कड्यावरनं खाली गेली. असं सांगतात की हंडा कोरड्या ओढ्यात सापडला तेव्हा त्यात थोडं पाणी शिल्लक होतं. हौसाबाईनं ते कुणाला ओतू दिलं नाही. त्याच पाण्यानं तिनं सुनेचं तोंड धुतलं.

त्या काळात पंचायत नवी होती. आता गावच गावाचा कारभार बघणार, असं मोठमोठे लोक येऊन सांगत होते. भाषणं झाली, हार झाले. गावाला नळाच्या पाण्याची पहिली टाकी मंजूर झाली आणि ती कुठं बांधायची हे ग्रामसभेनं ठरवायचं, असा कागद आला. हौसाबाईला कुणीतरी सांगितलं, की सभेत कुणीही उठून बोलू शकतं. बाईमाणूसही, म्हातारंकोतारंही. म्हातारीनं ते मनात धरलं. मला एकदा सभेत बोलायचंय, एवढंच ती येता-जाता सगळ्यांना सांगायची.

सरपंच होते आबा इंगवले. माणूस वाईट नव्हता हो, मेलेल्या माणसाबद्दल उगाच कशाला बोलू. पण टाकी आपल्या आळीत व्हावी हे त्यांच्या मनात होतं. सभा एक मेची, सकाळी दहाची. दवंडी द्यायची माझ्या बापानं. आबा त्याला म्हणाले, "धोंडी, वर कशाला तंगड्या तोडत जातोस? पायथ्याला हलगी वाजव, आवाज जातोय वर." बापालाही उन्हात चढायचं जिवावर आलेलं. त्यानं पायथ्याला हलगी वाजवली आणि माघारी आला. वारं उलटं होतं हे त्याला ठाऊक होतं. हे मला त्यानंच सांगितलंय, म्हणून सांगतो.

दहा वाजता माणसं पुरेशी जमली नाहीत. अशा वेळी काय करतात ते मी तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळे करता! हसू नका. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची, अर्ध्या तासानं तीच सभा परत घ्यायची, आणि तहकूब सभेला माणसं मोजत नाहीत. बारा जणांत ठराव झाला. टाकी इंगवले आळीत. रजिस्टर मिटलं, पेढे वाटले.

वरच्या लोकांना एका गुराख्याकडनं कळलं. ते धावतपळत उतरले तेव्हा दुपार झालेली. हौसाबाई सगळ्यांच्या पुढं होती. ग्रामसेवक कुलूप लावता लावता म्हणाले, "सभा झाली. आता पंधरा ऑगस्टला या."

म्हातारी ह्या ओट्यावर चढली आणि बसली. म्हणाली, "झाली कशी? मी अजून बोलले न्हाई. परत भरवा. बिरोबाची आण हाय, सभा भरल्याबिगर पान्याचा थेंब घेनार न्हाई."

लोकांना वाटलं, ऊन तापलं की उठेल. ती उठली नाही. आबा म्हणाले, सभेला सात दिवसांची नोटीस लागते, कायदा आहे, माझ्या हातात काय. अर्ध्या तासात सभा उरकणाऱ्याला कायदा तेव्हाच आठवला! दुसऱ्या दिवशी माझी आजी तांब्या घेऊन गेली, तर म्हातारीनं तांब्याला हात जोडले. म्हणे त्या तीन दिवसांत ह्या कडुलिंबानंही ओट्यावरची सावली काढून घेतली. खरं सांगू? सावली पडते, चार वाजता पडते, मी रोज बघतोय. पण चार वाजेपर्यंतचं ऊन कसं असतं ते तुम्हाला आता कळतंच आहे.

तिसऱ्या दिवशी माझ्या बापानं हलगी उचलली आणि कुणाला न विचारता डोंगर चढला. वर घर न् घर केलं, मग खाली येऊन आळी न् आळी. वाजवता वाजवता रडत होता म्हणे. सगळं गाव लोटलं. आजारी माणसं आली, ओल्या बाळंतिणी आल्या. एवढी भरलेली सभा गावानं कधी बघितली नव्हती. आबा इंगवले अनवाणी आले, रजिस्टर उघडून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मावशे, सभा भरली. बोल."

हौसाबाईनं मान वर केली. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत माणसं बघितली. ओठ हलले. पण घसा पार वाळून गेलेला, आवाज फुटेना. कुणीतरी तोंडाला पाणी लावलं, ते हनुवटीवरनं खाली गेलं. आबा लिहायला थांबलेले होते. म्हातारी बसल्या जागी गेली.

वस्तीवर टाकी झाली, पण लई वर्षांनी. तोवर निम्मी घरं उठून गेली होती. लोक म्हणतात, म्हातारीला पाण्याचंच बोलायचं असणार, दुसरं काय? मीही एकदा तसंच म्हणालो, तर बाप माझ्यावर खवळला. "तू ऐकलंस व्हय? मग तिच्या तोंडी घालू नगंस," म्हणाला. त्यानंतर दर सभेची दवंडी त्यानं आधी डोंगरावर दिली, मग गावात. शेवटची दिली तेव्हा त्याचे गुडघे गेले होते. मी त्याला पाठीवर घेऊन चढलो. लई वाईट वाटतं हो आठवलं की.

त्या दिवशी आबांनी रजिस्टरात एक विषय लिहिला. आजही कोंढेदऱ्याच्या सभेत सगळ्यात आधी तोच घेतात: 'हौसाबाई कोळेकर यांचे म्हणणे ऐकणे.' सरपंच उभा राहून मोठ्यानं वाचतो आणि सगळे गप्प बसतात. भांडायला आलेलेसुद्धा. थोडा वेळ वाट बघतात. मग ग्रामसेवक त्याच्याखाली लिहितो: 'विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.'